आठव्या बॅटरीचं लोणी

प्रिय ल्हुंडुप,

फोनवरच बोलले असते, पण माझा आवाज ऐकला की तुझी रेंज जाते. खिंडीपलीकडे आम्ही राहतो, तू नाही. काठमांडूत बसून कुणाची रेंज जाते ते मला कळतं रे. म्हणून हे पत्र खेचरवाल्याच्या हाती देते आहे. अक्षर लागलं नाही तर तोंड वाकडं करू नकोस, याच अक्षरात तू 'क' गिरवायला शिकलास. मी नवी नवरी होते, तू सात वर्षांचा. तुझ्या आईने, आपल्या आमाने, तुझी पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, हा आजपासून तुझा.

गेल्या मंगळवारी नव्या बॅटऱ्या आल्या. चार खेचरांवर मावल्या. जुन्या आणायला किती याक लागले होते आणि वाटेत दोघे कसे बसून राहिले होते, आठवतं? या लिथियमच्या आहेत, एकटी बाई उचलेल इतक्या हलक्या. वांग्याल काकांनी त्या शाळेत सतरंजीवर मांडून ठेवल्यात आणि लोक देवदर्शनाला यावं तसे येऊन हात लावून जातात. काका आता समितीचे अध्यक्ष आहेत, त्यामुळे छातीही दोन बोटं पुढे आली आहे. तेव्हा याच जातीच्या बॅटरीला तिप्पट पैसे पडत होते, म्हणून आपण शिशाच्या घेतल्या. यंदा शिशाच्या किमतीत थोडीच भर घातली आणि या आल्या. जुन्या घ्यायच्या सभेत तू म्हणालाच होतास, ऊन फुकट आहे, पॅनेलही स्वस्त होत चाललंय, महाग आहे ते साठवणं. पाच-सहा वर्षं कळ काढा, तेही उतरेल. तेव्हा सगळे हसले होते. भाव उतरतात असं आमच्या मीठ-तांदळाने तरी आम्हांला कधी दाखवलं नव्हतं.

काकांनी तुला निरोप पाठवला की बॅटऱ्या लावायला ये, आणि तू उत्तर पाठवलंस की मी जोडलेल्या तारेने एकदा माणूस मेलं, आता दुसऱ्या कुणाला बोलवा. काकांनी ते चावडीवर मोठ्याने वाचलं. मी तिथेच लोकर कातत बसले होते. दुसरा कोण येणार? खालचा तंत्रज्ञ म्हणतो, चैत्रात बघू. कार्तिक सरला की खिंड बंद. नर्सबाई दिलमाया सांगते, पौषात दोघी बाळंत व्हायच्या आहेत, त्यातली एक दम्याची, आणि दवाखान्यातलं प्राणवायूचं यंत्र जुन्या बॅटऱ्यांना पेलत नाही म्हणून नुसतं कापड घालून ठेवलंय. पण मी हे त्या दोघींसाठीच लिहिते असं म्हटलं तर ते खोटं होईल. काठमांडूहून परतलेला आपल्या गावचा एक पोरगा परवा सांगत होता, ल्हुंडुप दादा गोदामात पोती वाहतो, हत्यारं केव्हाच विकली. तारेला हात लावत नाही, घरातला दिवा गेला तरी बायकोला बदलायला लावतो. ते ऐकलं आणि मी हे पत्र लिहायला बसले.

तू बॅटरीखोलीची किल्ली माझ्या कमरेला बांधलीस तो दिवस मला सारखा आठवतो. आम्हा पाच बायकांना ओळीत बसवून तू शिकवत होतास आणि आम्हांला ओ की ठो कळत नव्हतं. मग तू वैतागून म्हणालास, "असं समजा, ऊन म्हणजे दूध. दिवसा घुसळायचं आणि लोणी या आठ पिशव्यांत भरायचं. रात्री लागेल तेवढं काढायचं." तेव्हा कुठे सगळ्यांच्या माना हलल्या. त्या दिवसापासून गावात बॅटरीखोलीचं नाव लोण्याची कोठी पडलं, अजून तेच आहे. भिंतीवरचा तो डबा, लोणी कमी झालं की सगळ्यांचा पुरवठा तोडणारा, त्याला आम्ही राखणदार म्हणायला लागलो. तू खूश झालास. म्हणालास, वहिनी, कॉलेजातल्या मास्तरांनाही एवढं सोपं जमलं नव्हतं.

मग त्या कार्तिकात तुझा दादा गेला. सामतेन, चौदा याक आणि हिवाळ्याचं सगळं मीठ, एका दुपारच्या बर्फात. देह मिळाला नाही. तू धावत आलास, सात दिवस राहिलास, नोकरी होती म्हणून गेलास. त्यात तुझं काही चुकलं नाही. लामा तुझ्यासमोरच म्हणाले होते, ज्याचा देह मिळत नाही तो पुढच्या जन्माच्या वाटेवर जास्त चाचपडतो, त्याच्यासाठी एकोणपन्नास दिवस मारमे विझता कामा नये. मारमे म्हणजे देव्हाऱ्यातला दिवा खरा, पण त्याच्या नावातच लोण्याची आग आहे. पण लोणी देणारी जनावरं तर त्याच्याबरोबरच गेली होती. शेजाऱ्यांनी दिलेलं लोणी तू होतास तोवर पुरलं. पुढे तू दर आठवड्याला फोन करायचास आणि विचारायचास, मारमे जळतंय ना वहिनी? आणि मी म्हणायचे, जळतंय.

माघात आमाची छाती भरली. दिलमायाने तिला दवाखान्यात नेऊन यंत्राला जोडलं. आभाळ गच्च होतं, पण तुझं गणित भिंतीवर लिहिलेलं होतं, गावचे सगळे दिवे बंद ठेवले तर ऊन नसतानाही यंत्र दोन दिवस चालेल. मीच घरोघर जाऊन दिवे बंद करवले. कुणी कुरकुर केली नाही. आमा नाकात नळी घालून बसली होती, ओठांचा रंग परतला होता, आणि दिलमायाला चिडवत होती की पोरी, मला वाऱ्यावर जगवते आहेस, थोडं सातूचं पीठही दे. हे सकाळचं. दुपारी यंत्र थांबलं. दोन दिवस जाऊ देत, एक दिवसही झाला नव्हता. यंत्र थांबलं की त्यातली घंटी वाजायला लागते, तिला तिची वेगळी चिमुकली बॅटरी असते. दिलमाया खालच्या गावातून सिलिंडर आणायला पळाली. आमाजवळ मी एकटी. घंटी वाजत होती, मला ती बंद करता येत नव्हती, आणि आमा गेल्यावरही ती वाजतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ निघालं, इतकं की बर्फाकडे बघवेना.

खिंड उघडल्यावर तू आलास, तेव्हा आमाला निरोप देऊन कधीच झाला होता. तू घरात न शिरता आधी लोण्याच्या कोठीत गेलास आणि एकेक बॅटरी मोजलीस. सात ठीक, आठवी मेलेली. तू खाली जमिनीवरच बसलास. म्हणालास, "माल नासका निघाला, वहिनी. स्वस्त बघून मीच घेतला." मी दारात उभी होते, कमरेला किल्ली होती. मी तुला चहा आणून दिला. तू तो प्यायलास, माझ्या पायांवर डोकं ठेवलंस आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडलंस.

तेव्हापासून मी घरात वीज लावत नाही. बायका म्हणतात, कोठीची मालकीण चुलीच्या उजेडात जेवते, कंजूस मेली. मी हसते. घंटी मात्र थांबली नाही, ल्हुंडुप. बकरीच्या गळ्यात ऐकू येते, किटलीच्या वाफेत येते. सुरुवातीला वाटायचं आमा बोलावते. आता वाटतं, ती नुसतीच वाजते, कुणीतरी उठून बंद करावी म्हणून.

तर ऐक. मारमे जळतंय म्हणून मी सांगायचे, ते लोण्यावर जळत नव्हतं. तू गेलास त्याच दिवशी मी कोठीतून घरापर्यंत तार ओढली आणि देव्हाऱ्यात पाच वॅटचा दिवा लावला. राखणदाराच्या पुढून तार घेतली असती तर तो मध्येच तोडेल आणि सामतेन अंधारात अडकेल, ही मला भीती. म्हणून त्याला कळू न देता तार थेट आठव्या बॅटरीला जोडली. मला वाटलं, आठ पिशव्यांतल्या एका पिशवीतलं लोणी घेते आहे, बाकीच्या सात गावाला आहेतच की. बॅटऱ्या एकाच दावणीला असतात, एक बसली की सगळ्या अडतात, हे मला ठाऊक नव्हतं. बेचाळीस दिवस, दिवस-रात्र, तो दिवा मी विझू दिला नाही. आमाने एकदाच विचारलं, कुणाचं लोणी जाळते आहेस? मी म्हटलं, आपलंच. मग तीही रोज त्या दिव्यापुढे माळ घेऊन बसायला लागली. एकोणपन्नासाव्या दिवशी मी तार गुंडाळली आणि बॅटरीच्या खुंट्या सोड्याच्या पाण्याने लख्ख पुसल्या, तू शिकवलं होतंस तशाच. म्हणून तुला काही खूण दिसली नाही. लामा म्हणतात, तुझा दादा चांगल्या जन्माला गेला असणार. त्या उजेडात गेला असेल, तर तो स्वतःच्या आईच्या श्वासावर वाट शोधत गेला. हे मी सहा वर्षं मनात घोळवते आहे, आणि कुणाला विचारायची सोय नाही.

यंत्र थांबलं तेव्हा मला कळलं, मी जिच्यातून लोणी ओढलं तीच पिशवी बसली. आमाच्या पलंगाशी बसून मी तिला सगळं सांगितलं, ती घंटी वाजत असताना. तिने ऐकलं. माझं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाली, "ल्हुंडुपला सांगू नकोस. त्याला तुझ्याशिवाय कोण आहे?" सहा वर्षं मी स्वतःला बजावत आले की मी तिचा शब्द पाळते आहे. खोटं. तिचा शब्द पुढे करून मी माझीच कातडी वाचवत होते, आणि माझ्या पापाखाली तू पोती वाहत होतास. आज तिचा शब्द मोडते. किल्ली मी काकांना परत दिली आहे. शनिवारी सभा आहे, तिथे हेच सगळं माझ्या तोंडाने सांगणार, पण तुला हे गावाकडून नाही, माझ्याकडून आधी कळावं म्हणून हे पत्र. तू यायचं की नाही ते तुझं तू बघ. आलास तर मी समोर येणार नाही. यावं असं वाटलं तर हाक मार, नाहीतर माझ्या दारावरून पुढे जा, मी वाईट वाटून घेणार नाही. मला माफ कर म्हणायला मी हे लिहिलेलं नाही. तू तारेला हात लावावास म्हणून लिहिलं. माल नासका नव्हता, बाळा. तू जोडलेली एकही तार चुकलेली नव्हती. तुझ्या हाताने कुणी मेलं नाही.

'तुझीच' लिहिणार होते, हात अडला. ते आता तू ठरव.

यांगझोम