फेब्रुवारीच्या तेवीस ओळी

कुगामी बंदर,
११ नोव्हेंबर २००५

कुसुमी-सान यांस,
नमस्कार.

खेकड्यांचा हंगाम मागच्या आठवड्यात सुरू झाला. बंदरावर लिलावाचा आरडाओरडा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. वारा आत्ताच बोचायला लागलाय; तुमच्याकडे डोंगरात तर शेगड्या पेटल्या असतील. तब्येत जपून असा. तुमचा पत्ता तुमच्या थोरल्या बहिणीकडून घेतला. त्यांच्या तोफूच्या दुकानात चार हेलपाटे घातले तेव्हा कुठे मिळाला. "देते," त्या म्हणाल्या, "पण उत्तराची वाट बघत बसू नका हं, मित्सुए-सान." नाही बसणार.

आमच्याकडची बातमी अशी की दोन वर्षांपूर्वी वसंतात ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. कळतं सगळं. उठवणं, अंघोळ, पेज भरवणं, पुन्हा निजवणं. मी आता त्रेसष्ट वर्षांची आहे आणि माझी पाठ माझ्याहून म्हातारी झालीय. तक्रार नाही, सांगतेय एवढंच.

तुमचं नि ह्यांचं समुद्र संशोधन केंद्र बंद पडल्याचं तुम्हाला कळलं असेलच. तिथलं युनिक्स प्रणालीवर चालणारं संगणक यंत्र भंगारात गेलं. ह्यांनी खाडीच्या पाण्याची एकतीस वर्षांची तापमानं आणि ती मांडणारे आपले छोटे छोटे प्रोग्रॅम तेवढे एका सीडीवर घरी आणले होते. आजारपणानंतर रोज डाव्या हातानं त्या सीडीकडे बोट दाखवायचे. घरच्या संगणकात घालावी तर काही चालायचं नाही. ह्यांचा चेहरा असा व्हायचा की मी उठून उगाच भांडी घासायला जायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "पूर्वी जे करायचे ते करू द्या त्यांना. त्यानंच काही परत आलं तर येईल."

म्हणून मी शिकायला निघाले. हसू नका. युनिक्सची ती हत्यारं आपल्या साध्या संगणकावर चालवण्याचं एक सॉफ्टवेअरचं पाकीट फुकट मिळतं असं समजलं. ते उतरवून घेतलं, तर ते सुरुवातीलाच नाही म्हणालं. तुमच्या संगणकात प्रणालीची घरगुती आवृत्ती आहे, तिच्यावर मी बसणार नाही, म्हणे. दुकानात विचारलं तर विक्रेता म्हणाला, "काकू, ही हत्यारं कचेरीतल्या लोकांसाठी. घरी कोण वापरतं असलं?"

"वापरणारा माणूस आता घरीच असतो," मी म्हटलं. तो बिचारा मान लववत राहिला.

शेवटी संगणकावरच्या एका चर्चेच्या फळ्यावर विचारलं. कुणा अनोळखी माणसानं उत्तर दिलं, की ते पाकीट बसण्याआधी एकच प्रश्न विचारतं, आवृत्ती कोणती? तो प्रश्न विचारणारी ओळ पाकिटातून काढून टाका, बाकी सगळं नीट चालतं. ती ओळ शोधायला मला तीन रविवार लागले. मग एकदाची काळी खिडकी उघडली, पांढरी अक्षरं आली. ह्यांना खुर्चीत बसवून पुढे सरकवलं. ह्यांनी डाव्या तर्जनीनं दोन अक्षरं दाबली, आणि सगळ्या फायलींची यादी सरसर खाली उतरली. ह्यांच्या घशातून आवाज आला. दीड वर्षात मी तो ऐकला नव्हता.

त्यानंतर रोज जेवण झालं की आम्ही बसायचो. मीही थोडं शिकले. हवी ती ओळ वेचून काढणारं ग्रेप, क्रम लावणारं सॉर्ट. एकदा त्या यादीत 'उमे' नावाचा प्रोग्रॅम दिसला. उमे म्हणजे भर. मी म्हटलं, "हे काय हो? कसली भर?" ह्यांनी माझा हात झटकला. डाव्या हातात एवढा जोर उरलाय हे मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना दिवसभराच्या देखभाल केंद्राची गाडी घेऊन गेल्यावर मी तो उघडून वाचला. दहा ओळींचा आहे. १९९३ सालच्या २ ते २४ फेब्रुवारीची तापमानं आदल्या वर्षांवरून अंदाजानं तयार करायची, आणि खरी वाटावीत म्हणून थोडी मागेपुढे करायची. खाली ह्यांचं नाव, तारीख, आणि लिहिलंय: 'फक्त एकदाच'.

तुम्ही फक्त आकडे यंत्रात भरायचात, कुसुमी-सान. ह्यांनी दिले ते भरलेत. संचालकांना ते तेवीस दिवस फार गुळगुळीत वाटले, मोजणीची वही मागितली तर वही नाही. मोजणी न करता आकडे तुम्हीच बनवलेत असा ठपका तुमच्यावर आला, आणि हे खाली मान घालून बसून राहिले. बहिणीनं सांगितलं की तुम्ही आता माशांच्या खाद्याच्या कारखान्यात आहात. समुद्राच्या कामाला पुन्हा कुणी घेतलं नाही.

इथवर लिहून मी चहा केला, तो गार झाला. अजूनही मी ह्यांच्याच नावावर खपवतेय.

तो प्रोग्रॅम वाचून मला नवं काहीच कळलं नाही. त्या फेब्रुवारीत माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. पाण्याचं तापमान सकाळी सातला घ्यायचं असतं. आणि तेवीसही दिवस सकाळी सातला हे शहरातल्या इस्पितळात माझ्या उशाशी होते. परिचारिका रागवायच्या आणि तरी आत सोडायच्या. मी ह्यांचा हात धरून ठेवायची. "आज समुद्र?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "समुद्र कुठे जातोय?" मी पुन्हा विचारलं नाही. ह्यांनी जाऊ नये असंच मला वाटत होतं.

मार्चमध्ये तुम्ही आमच्या दारात आलात. बूटही काढले नाहीत. "वहिनी, त्यांना एकदा खरं बोलायला सांगा. फक्त संचालकांसमोर, एकदाच." तेव्हा मी काय म्हणाले ते तुम्ही विसरला नसाल. मीही नाही. "स्वतःचा आळस माझ्या आजारपणाआड लपवू नका." आणि दार लावलं. मला सगळं माहीत होतं.

गेल्या महिन्यात ह्यांच्यासमोर तो प्रोग्रॅम उघडून ठेवला आणि म्हटलं, "कुसुमी-सानचं काय?" ह्यांनी डावा हात पुढे केला. मग एकेक अक्षर शोधत तुमचं नाव लिहिलं. यंत्राला तो आदेश वाटला. त्यानं उत्तर दिलं: कुसुमी, सापडला नाही. ह्यांनी पुन्हा लिहिलं. सापडला नाही. तिसऱ्यांदा बोट पुन्हा पहिल्या अक्षराकडे गेलं. मी म्हटलं, "पुरे. मी शोधते."

तापमानांच्या यादीतल्या त्या तेवीस दिवसांच्या तेवीस ओळी ह्यांनी स्वतःच्या बोटानं पुसल्या. तिथे आता काही नाही, आणि का नाही ते मी खाली लिहून ठेवलंय. सगळ्याच्या प्रती प्रांताच्या मत्स्यखात्याला आणि निवृत्त संचालकांना धाडल्या. संचालकांचा फोन आला. "आता बारा वर्षांनी हे कशाला उकरता, वहिनी?"

"बारा वर्षं झाली म्हणूनच," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. पण काल त्यांची चिठ्ठी आली. चौकशीतला तुमच्यावरचा तो शेरा चुकीचा होता असं त्यांनी सही करून खात्याला कळवलंय. तिची प्रत सोबत आहे. ती तुमची आहे. तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

यानं तुमची बारा वर्षं परत येत नाहीत, एवढं मला कळतं. क्षमा मागायला पत्र लिहीत नाहीये. मागितली की तुमच्यावर ती देण्याचं ओझं पडतं, आणि तुम्ही आमची ओझी पुरेशी वाहिलीत.

हे आत झोपलेत. उठायची वेळ झाली. हात लावल्याशिवाय त्यांना कूस बदलता येत नाही.

माहीत असून गप्प राहिलेली,
मित्सुए आदाची