तीसपैकी एकोणीस

४ जानेवारी, सकाळी ११
आजपासून रोजनिशी. मेमरी क्लिनिकच्या मॅडमनी सांगितलं म्हणून नव्हे, माझ्याही मनात होतंच. मॅडमचं म्हणणं, रोज चार ओळी लिहिल्या की स्मरणशक्तीला वळण लागतं. माझ्या स्मरणशक्तीला वळणाची गरज नाही. पण बाई मन लावून काम करतात, त्यांचा हिरमोड कशाला करायचा.

कार्यक्रम बारा आठवड्यांचा आहे. डोक्याला मार लागलेल्या म्हाताऱ्या फौजींसाठी. पैकी मी म्हातारा नाही (एकोणसत्तर), आणि मार मला लागला नाही, हेल्मेटला लागला. पस्तीस वर्षांपूर्वी तोफेचा गोळा जरा जवळ पडला. हेल्मेटला खोक पडली. मी तीन दिवस विश्रांती घेतली. कागदोपत्री त्या विश्रांतीला 'बेशुद्ध' म्हटलंय. कारकून लोक काहीही लिहितात.

आज टेस्ट झाली. मॅडमनी पाच शब्द वाचले आणि म्हणाल्या, रिपीट करा. तोफखान्याच्या वायरलेसवर मी बावीस वर्षं काढली आहेत. आमच्यात 'रिपीट' म्हणजे त्याच जागी पुन्हा गोळे टाका. ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं, रिपीट कधीच नाही. एका चुकीच्या रिपीटने आपलीच माणसं जातात. हे मी मॅडमना नकाशा काढून समजावलं. तोवर पाच शब्द निघून गेले.

गुण तीसपैकी एकोणीस. म्हणजे त्रेसष्ट टक्के. फर्स्ट क्लास. सौ.चा चेहरा मात्र मी नापास झाल्यासारखा.

४ जानेवारी, दुपारी
स्कूटरच्या चावीबद्दल लिहायचं राहिलं. नोव्हेंबरात केस कापायला निघालो होतो. रस्ता मोकळा दिसला म्हणून सहज पुढे जाऊन रेकी केली. पस्तीस किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावरून पंपवाल्याने घरी फोन केला. कारण नसताना. केस कापायचे राहिलेच. तेव्हापासून चावी गायब आहे.

सौ. म्हणते, चालवायला हरकत नाही असं मॅडमनी लिहून दिलं की चालवा. चावी कुठे विचारलं तर म्हणते, जागेवर आहे. शुद्ध उडवाउडवी.

संकल्प: बारा आठवड्यांनी तीसपैकी तीस. चावी हातात.

५ जानेवारी
सौ.ने सामान सांगितलं. पाच वस्तू. कागद हाताशी नव्हता, म्हणून डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. संध्याकाळी आणतो.

संध्याकाळी थंडी. उद्या.

६ जानेवारी
मॅडमनी दिलेला तक्ता फ्रिजवर लावला. रोज अर्धा तास चालणे. वेळेवर झोप. बीपीची गोळी. कानाचं मशीन. संध्याकाळचा पेग बंद. लोकांत मिसळणे. सगळं उद्यापासून, एकदम. फौजी माणूस अर्धवट काही करत नाही.

७ जानेवारी
चाललो नाही. बुटाची लेस तुटली.

८ जानेवारी
लेस आणायला दुकानात जायला हवं. तेवढं चालणं झालं की मग लेसची गरज काय? मॅडमना विचारणे.

१० जानेवारी
मोठी बातमी. टेस्टचे पाच शब्द सापडले!

आठवत नव्हते असं नाही, वर येत नव्हते. आज डायरी उलटी पडली आणि मागच्या पानावर दिसले. माझ्याच अक्षरात, ओळीने पाच: मीठ, काडेपेटी, बल्ब, साबण, सुतळी. त्या दिवशी प्रसंगावधान राखून लिहून ठेवलेले असणार. जुनी सवय, मेसेज आला की आधी कागदावर. मॅडमनी रोजच्या वापरातले शब्द निवडले हेही चाणाक्षपणाचं.

आता अकरा आठवडे हेच घोकायचं. तिसाव्या गुणापर्यंत रस्ता सरळ आहे.

१४ जानेवारी
क्लिनिकमध्ये गटचर्चा. माझ्याशेजारी नेहमी एक माजी नौसैनिक बसतो. पाणबुडीत होता, शिडीवरून घसरून डोकं लोखंडी दारावर आपटलं. मी त्याला पाणबुड्या म्हणतो. तो खरा पेशंट. स्वतःच कबूल करतो की नातवंडांची नावं चुकतात, कधी कधी शब्द सापडत नाही, मग खूप राग येतो. सगळ्यांसमोर सांगतो, आणि कानात मशीन घालून बसतो. मला त्याचं वाईट वाटलं. मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, तुमचं काय? मी म्हणालो, माझं सगळं ठीक, मी यांना सोबत म्हणून येतो.

१९ जानेवारी
मीठ, काडेपेटी, बल्ब, साबण, सुतळी. दाढी करताना दहा वेळा.

स्वयंपाकघरातून सौ.ही म्हणाली: मीठ, काडेपेटी, बल्ब, साबण, सुतळी. जरा रागात, पण अचूक. माझं ऐकून ऐकून तिलाही पाठ झालं. शाब्बास म्हणालो. ती काहीतरी पुटपुटली. हल्ली फार पुटपुटते. मुलगी फोनवर म्हणते की आई पुटपुटत नाही, बाबा, तुम्ही मशीन घालत नाही. मुलगी तिच्या आईवर गेली आहे.

२७ जानेवारी
चावीचा शोध, पद्धतशीर. कपाट, पिठाचा डबा, शिवणाची पेटी, सौ.च्या साड्यांच्या घड्या. शून्य. जिन्याखालच्या अडगळीतला बल्ब उडालाय. अंधारामुळे तो भाग तूर्त वगळला.

सौ.ला पुन्हा विचारलं. म्हणे, बल्ब आणा, म्हणजे सगळं दिसेल. बायकांना वय झालं की अध्यात्म सुचतं.

६ फेब्रुवारी
पेग बंद केल्याला आठवडा झाला. फक्त रविवारी घेतला, पण तो पाणबुड्याच्या घरी. तिथला पेग घरच्यात मोजत नाहीत.

(तो सरबत पीत होता. मला एकट्यालाच दिला.)

१५ फेब्रुवारी
सौ. स्वतः बाजारात जाऊन सामान घेऊन आली. मीठ वगैरे. बल्ब आणला नाही. म्हणाली, विजेचं काम माझ्याकडे आहे असं तुम्हीच लग्नानंतर ठणकावून सांगितलंत, मी वाट बघते. हे मात्र खरं आहे. विजेच्या बाबतीत मी कोणाला हात लावू देत नाही. आणतो म्हणालो.

१६ फेब्रुवारी
काय आणायचं होतं?

२ मार्च
चाललो. अर्धा तास, घड्याळ लावून. तक्त्यावर पहिली खूण. बागेला फेरी मारून निघालो तर बाहेरचं फाटक बदललेलं. नगरपालिकेचे उद्योग. तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा ते पुन्हा जागेवर आलं. कोपऱ्यावर सौ. उभी होती, भाजी बघत. म्हणाली, सहज आले होते. हातात पिशवी नव्हती.

चालून छान वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

१८ मार्च
मॅडमशी खासगी बोलणं. म्हणाल्या, जुन्या माराचा परिणाम वय वाढतं तसा दिसू शकतो. पण झोप, चालणं, ऐकणं, लोकांत राहणं यांनी फरक पडतो. त्यासाठी आधी माणसाने मान्य मात्र करायला हवं. मी म्हणालो, पाणबुड्याला नक्की सांगतो.

२८ मार्च
उद्या टेस्ट. सराव झोपेतही चालतो असं सौ. म्हणते. पहाटे मी मोठ्याने 'सुतळी' म्हणालो. कानाचं मशीन खिशात ठेवणार. ऐकण्याची गरजच नाही, उत्तरं तयार आहेत. सौ.लाही सोबत नेणार. चावी तिने मॅडमसमोरच द्यावी.

२९ मार्च, संध्याकाळी
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

मॅडमनी पाच शब्द वाचले. ओठ हलताना दिसले. या वेळी त्यांनी रिपीट म्हटलं नाही, म्हणाल्या की आता तुम्ही म्हणा. एवढं ऐकू आलं. मी उठून उभा राहिलो. सावधान. खणखणीत आवाजात: मीठ, काडेपेटी, बल्ब, साबण, सुतळी.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सौ. आधी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मग ते हसणं राहिलं नाही. म्हणाली, "अहो, हे मी सांगितलेलं सामान आहे."

मॅडमनी समजावलं. शब्द दर वेळी बदलतात. जानेवारीतले नदी, खुर्ची, लिंबू, घंटा, पिवळा होते. आजचे आणखी वेगळे. गुण एकवीस. दोन वाढले, चालण्यामुळे असतील म्हणाल्या. स्कूटर चालवायचं पत्र मात्र देता येणार नाही.

बाहेर पाणबुड्या भेटला. त्याला पाचही शब्द आले होते. मला सांगायला लागला, मी म्हणालो, नको.

बसमध्ये सौ. काहीतरी बोलली. मी खिशातून मशीन काढून कानात घातलं आणि म्हणालो, पुन्हा सांग. चाळीस वर्षांत तिला असं पहिल्यांदाच म्हणालो असेन. तिने पुन्हा सांगितलं. म्हणाली, नोव्हेंबरात तुम्ही पंपावरून घरी आलात ना, तेव्हा मी चावी घेतली नव्हती. तुम्हीच ती खिळ्याला टांगलीत आणि म्हणालात, आता ही मला नको. दुसऱ्या दिवशी विचारायला लागलात, चावी कुठे आहे. काय सांगायचं मला कळेना.

मला यातलं काही आठवत नाही.

३० मार्च, सकाळी १०
दुकानात गेलो, चालत. यादी घेतली नाही. मीठ, काडेपेटी, बल्ब, साबण, सुतळी. पाचही. दुकानदार म्हणाला, पाठ केलंत की काय. घरी मीठ, काडेपेटी, साबण, सुतळी आधीच आहेत. आता दोन दोन आहेत.

स्टुलावर चढून जिन्याखाली बल्ब लावला. सौ.ने स्टूल धरलं. लाईट लागली. समोर खिळा, खिळ्याला चावी. जागेवरच होती.

थोडा वेळ बघत राहिलो. मग खाली उतरलो. चावी तिथेच आहे.

रेकी नव्हती. वाट चुकलो होतो. पंपवाल्याने विचारलं तेव्हा घराचा पत्ता आठवेना. खूप घाबरलो होतो. फोन नंबर सौ.ने माझ्या पाकिटात लिहून ठेवला होता.

उद्या सकाळी सहाला चालणे. सौ.ला म्हणालो, मागून येऊ नकोस, बरोबर चल. ती म्हणाली, सहा वाजता, दोघांनी बरोबर, पाठ केलंय ना नीट? मी म्हणालो, पुन्हा सांग. मशीन कानात होतं. ऐकू आलं होतं.