पुढचं वेटोळं

मंगळवार, ४ मार्च

प्रिय टिंगे,

खूप खूप आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं पोचली. ईमेलवर तू मला दोन ओळींत गुंडाळतेस म्हणून कागदाचा हट्ट मीच धरला, आणि उत्तराला महिना लावला तोही मीच. रागावू नकोस.

आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. तू तयार केलेलं प्रथिनाच्या रेणूचं चित्र ज्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं, ते तिने फ्रिजवर चिकटवलंय. परवा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला हातातला पाना खाली ठेवायला लावून तिने ते दाखवलं. "हे माझ्या धाकटीनं केलंय." तो बिचारा म्हणाला, "छान आहे. काय आहे?" मी तिथेच उभी होते. बावीस वर्षं मीही प्रथिनांचेच आकार शोधते आहे, पण माझे शोधनिबंध खणातच बरे दिसतात. असो.

आता कामाचं. रेणू पडद्यावर पाहण्यासाठी नवा प्रोग्रॅम निवडायला संस्थेने पाच जणांची समिती नेमली होती, हे तुला ठाऊक आहेच. अध्यक्ष मी. समोर तीन होते: आमचा जुना, एका मोठ्या कंपनीचा आणि तुमच्या गटाचा. तू माझी बहीण आहेस हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, म्हणजे उद्या कुणाला बोलायला जागा नको. तर, तुमचा घ्यायचा नाही असं ठरलं.

तुला वाईट वाटणार. आमच्यासारखी एखादी मोठी संस्था जोडली गेली तरच तुझा गट पुढे चालेल, नाहीतर तुम्हां तिघांनाही दुसरीकडे काम शोधावं लागेल, असं तू लिहिलं होतंस. पण माझा नाइलाज झाला. रेणूला पडद्यावर खोली यावी म्हणून लावायचा तो खास चष्मा घालून तासभर बसलं की डोकं चढतं. आमच्या निम्म्या संगणकांना तुमचा प्रोग्रॅम झेपणार नाही. आणि मुख्य म्हणजे खोली चुकीची दिसते. आमच्या चाचणीच्या प्रथिनात, औषध जिथे बसतं त्या खाचेच्या तोंडाशी प्रथिनाच्या साखळीची दोन वेटोळी एकमेकांसमोर येतात. त्यातलं मागचं वेटोळं तुमच्या पडद्यावर पुढे दिसतं. पुढचं-मागचंच कळेना, तर त्या थाटामाटाचा काय उपयोग? एकदा तपासून घ्या.

संचालकांची सही व्हायची आहे, पण तो नुसता उपचार.

वेळेवर जेवत जा. फोटोत गालफडं बसलेली दिसली.

तुझी,
ताई

* * *

बुधवार, १९ मार्च

टिंगे,

आशीर्वाद या वेळी शेवटी लिहीन. तोवर तुला ते हवेसे वाटले तर घे.

तुझं पत्र शनिवारी आलं. "आम्ही तिघं आठवडाभर ती चूक शोधतोय, ताई. सगळी गणितं पुन्हा मांडली. कुठलं वेटोळं ते नीट सांग ना. तू म्हणतेस म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार." ते पत्र मी पर्समध्ये घातलं आणि चार दिवस घेऊन फिरले. मुकाट्याने दुसरा बहाणा शोधत होते, हेही सांगून टाकते.

चूक नाहीये, टिंगे. नव्हतीच.

झालं असं. त्या दिवशी खोलीतले पडदे ओढून आम्ही पाचही जण चष्मे लावून बसलो. संगणक विभागातल्या बाई माऊस धरून होत्या. रेणू पडद्यावर आला आणि चौघांच्या तोंडून एकदमच "अरे वा!" निघालं. समितीतल्या आमच्या प्राध्यापकांनी, सत्तरीच्या माणसाने, हवेत हात घालून त्या खाचेला शिवायचा प्रयत्न केला. सगळे हसले, मीही हसले. मला काय दिसत होतं सांगू? कागदावर काढतात तसं सपाट चित्र. चष्म्याने किंचित काळवंडलेलं.

मग प्राध्यापक माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही या प्रथिनावर इतकी वर्षं घालवलीत. पुढचं वेटोळं कोणतं हो?" प्रश्न साधा होता. माऊस माझ्या हातात असता तर क्षणात सांगितलं असतं. मी बोट दाखवलं. चौघांच्या माना एकमेकांकडे वळल्या, तेव्हाच कळलं की चुकलं.

आणि मी म्हणाले, "प्रोग्रॅम उलटं दाखवतोय."

"मला तर बरोबर दिसलं," असं एक जण पुटपुटला. मी म्हणाले की तुम्ही कडेला बसलाय, मधून बघा. तो मधे यायच्या आत मी संगणकवाल्या बाईंना दिवे लावायला सांगितलं. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि "माझेच डोळे म्हातारे झालेत" म्हणून विषय सोडून दिला. सख्खी बहीणच नको म्हणते आहे, म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

आता ते दुसरं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून अक्षर बिघडेल, सांभाळून घे.

लहानपणी माझा डावा डोळा तिरळा होता, एवढं तुला फोटोंतून माहीत आहे. नंतर तो सरळ झाला, पण दिसायलाच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी बांधा, म्हणजे आळशी डोळा कामाला लागेल, आणि हे लवकर करा. मी पाच वर्षांची होते. दोन महिने आईने रोज पट्टी बांधली. मी पायरीवर बसायची आणि ती मागून गाठ मारायची. मग तू झालीस. दिवस भरायच्या आधीच झालीस, आईही आजारी पडली, घर सगळं तुझ्या पाळण्याभोवती. पट्टी खणात गेली. नऊ वर्षांची झाले तेव्हा बाबांना आठवण झाली आणि डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. तेव्हापासून माझे दोन डोळे मिळून एक गोष्ट पाहतच नाहीत. जगाला खोली असते हे मी मानते, जसं न पाहिलेले दूरचे देश असतात हे आपण मानतो.

तू चार वर्षांची असताना सुईत दोरा ओवलास, पहिल्याच फटक्यात, आणि आईने तुझा मुका घेतला. मी आतल्या खोलीत जाऊन उशीला चावले होते. यात तुझा काहीच दोष नव्हता, हे तेव्हाही कळत होतं. त्यानेच जास्त राग यायचा.

मग तू माझ्याच विषयात आलीस. मीच आणलं, कौतुकाने आणलं. दोन सुट्ट्या माझ्या शेजारी बसून शिकलीस. आणि पहिल्याच महिन्यात, डाव्या-उजव्या डोळ्यांसाठी शेजारी शेजारी छापलेल्या एकाच रेणूच्या दोन चित्रांकडे नुसते डोळे तिरपे करून बघत म्हणालीस, "ताई, उभं राहिलं की हे!" मी म्हणाले, "हो ना, किती छान." तेव्हापासून आजवर मी प्रत्येक परिषदेत, प्रत्येक चष्म्याआडून "किती छान" म्हणत आले. मुखपृष्ठाचा हेवा मी पचवला असता, गं. तुझा प्रोग्रॅम म्हणजे जे मला मिळालं नाही तेच पेटीत घालून साऱ्या जगाला वाटणं होतं, आणि ती पेटी तू माझ्या दारात आणून ठेवलीस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

काल संगणक विभागातल्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. माझ्या संगणकावरून तुमचा प्रोग्रॅम काढून टाकायचा होता. म्हणाल्या, "मॅडम, काढण्याआधी एक विचारू? यात 'ताई' नावाचं बटण आहे. ते काय करतं?"

मी म्हटलं, दाबा.

रेणू हलायला लागला. आता हलणारे रेणू सगळ्याच प्रोग्रॅममध्ये असतात, झोपाळ्यासारखे एका लयीत. हा तसा नव्हता. उजवीकडे दोनदा झटपट, मग किंचित थांबायचा, मग सावकाश डावीकडे, अगदी शेवटी एक छोटा हिसका. बाई म्हणाल्या, "बिघडलंय वाटतं." मी माझ्या उजव्या हाताकडे बघत बसले. बावीस वर्षं मी माऊस असाच हलवते. रेणू हलला की पुढचं भराभर सरकतं, मागचं मागे रेंगाळतं, आणि तेवढ्यावर मी जगते. हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

खाली बारीक अक्षरांत तू लिहिलंयस: "दोन्ही डोळ्यांनी खोली दिसत नसेल तर हे वापरा. ही लय एका उत्तम पाहणारीच्या हाताची आहे."

ती दोन वेटोळी तीन हेलकाव्यांत वेगळी झाली. पुढचं पुढे, मागचं मागे. बाईंनी विचारलं, "काढू ना?" मी म्हणाले, राहू दे.

म्हणजे तुला माहीत होतं. त्या सुट्टीपासून की आईने कधी पट्टीची गोष्ट सांगितल्यापासून? आणि माहीत असूनही "माझंच चुकलं असणार" असं लिहिलंस. तुझ्या डोळ्यांचा हेवा मला पाचव्या वर्षापासून करता येतो, त्याची सवय आहे. या दुसऱ्या गोष्टीचा हेवा कसा करायचा तेच समजत नाही. रागवायलाही तू मला जागा ठेवली नाहीस. चांगली रडले काल, आणि रडतानासुद्धा तुझ्यावर चिडलेली होते.

संचालकांची सही मी थांबवली आहे. उद्या दहा वाजता समिती पुन्हा बसेल. मी अध्यक्षपद सोडणार आणि त्या चौघांना सांगणार की प्रोग्रॅम बरोबर होता, मला दिसत नव्हतं, आणि कधीच दिसलेलं नाही. प्राध्यापकांना वेगळं सांगेन की त्यांचे डोळे शाबूत आहेत. मग ते काय ठरवायचं ते ठरवोत. तुझ्या दोघा सहकाऱ्यांना आजच सांग, शोधाशोध थांबवा म्हणावं. हे पत्र पोचायच्या आत तुला फोन करायला हवा होता, पण फोनवर तू लगेच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मी तेवढ्यावर सुटले असते.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. पट्टी राहून गेल्याचं मला अजून सलतं, हे तर कधीच सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

आशीर्वाद, हवे असतील तर. सगळे.

तुझी,
बटणावरची नव्हे, ही खरी, जळकी
ताई