दिवाणखान्यातला तंबू

तीर्थस्वरूप वन्संना भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचं कानातलं यंत्र आता शिट्टी वाजवायचं थांबलं असेल अशी आशा आहे. (नसेल तर सून बोलायला लागली की काढून ठेवा, तेवढंच औषध.) इकडे देवाच्या दयेने सगळे धड आहोत. पत्र पाठकोऱ्या कागदावर आहे, राग मानू नये. मागे लेक शिकवते त्या शाळेची प्रश्नपत्रिका आहे, ती नाही सोडवलीत तरी चालेल.

तर तुमच्या बंधुराजांविषयी. वनखात्यात चौतीस वर्षं रानोमाळ हिंडलेला माणूस, पण मागच्या हिवाळ्यात दोनदा चक्कर आली आणि डॉक्टरांनी एकट्याने फिरायला बंदी केली. लेकीने फिरायलाच केली. वर दोनशे पानी वही आणून दिली, की बाबा, घरात बसून आठवणी लिहा. ह्यांचं अक्षर पावसात उभ्याउभ्या नोंदी करून असं झालंय की त्यांचं त्यांनाच लागत नाही. म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. (मॅट्रिक पहिल्या खेपेला झाले होते, त्याचा हा उपयोग.) वन्सं, मी वाटेल ते लिहीन, पण लेकीच्या जन्माच्या पानावर दीड पान पाणमांजर आहे. ते कुठून आलं, कोणत्या दगडावर बसलं, खेकडा कसा फोडला. शेवटी एक ओळ: घरी आलो तर मुलगी झालेली होती. तिच्याखाली मी माझ्या अधिकारात चार ओळी घातल्या. सोळा तास कळा मी दिल्या होत्या, पाणमांजराने नाही. थोरल्याचं लग्नही त्यांच्या हिशेबी ‘खंड्याने उशिरा घरटं केलं त्या वर्षी’ झालं.

तरी छान चाललं होतं. सकाळची पूजा आटोपली की आम्ही वही घेऊन बसायचो, आणि माणूस खुलायचा. अडलं ते रानातल्या तळ्याच्या पानावर. उभ्या संसारात मी त्यांच्याबरोबर तळ्यावर एकदाच गेले, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मला वाटलं होतं विसरले असतील. पण सांगू लागले, की हिने पाण्यात पाय सोडले आणि तासभर बोलली नाही, हिला इतकं गप्प मी पुन्हा कधी पाहिलं नाही, हिच्या डोक्यावर सावली होती ती... आणि थांबले. झाड कोणतं ते आठवेना. चौतीस वर्षं झाडं मोजलेला माणूस, वन्सं. तोंड एवढंसं झालं. म्हणाले, बघून आल्याशिवाय पुढचं सांगायचं नाही.

लेक तळ्यावर जाऊ देईना. मग जमिनीवर झोपून आपलं आपण उठता येतं हे लेकीला दाखवायचं, म्हणून माळ्यावरचा तंबू काढून दिवाणखान्यात उभारला. फरशीत खुंट्या कशा ठोकणार? दोऱ्या बांधल्या कपाटाला, खिडकीच्या गजाला, शिलाई मशीनला आणि चौथी पुढच्या दाराच्या कडीला. वारा कुठून येतो ते बघून तोंड ठेवायचं म्हणून मला पंखा लावायला सांगितला. मग आत जाऊन पडले आणि म्हणाले, आत ये, इथून चांगलं आठवतं. मी वही, चष्मा घेऊन आत गेले. (चहा उतू जाऊ नये म्हणून गॅस आधी बंद केला, तेवढं भान होतं.) आणि तेवढ्यात लेक आली. तिच्याकडे किल्ली आहे. दार आत उघडतं. चौथी दोरी सैल पडली आणि अख्खा तंबू आमच्या अंगावर.

कापडाखालून मला तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

“आई, तूसुद्धा?” ती म्हणाली. मग आवाज बारीक करून, “बाबा, तिथे पडलात तर उचलणार कोण?”

ह्यांनी तंबूची घडी केली, माळ्यावर टाकला. चार दिवस वही उघडली नाही. विचारलं की, आता काही आठवत नाही, एवढंच. वन्सं, हा माणूस मी उन्हात, तापात, चिखलात माखलेला पाहिलाय, पण खुर्चीत बसलेला बघवत नाही. असो. देव मार्ग दाखवतो.

तुमच्याकडच्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मधल्यांना जे हवं असेल ते.

आपली,
भावजय

ता. क. लेक तुमच्या शब्दाबाहेर नाही. आत्याने परवानगी दिली म्हटलं की गप्प बसेल. तेवढा फोन करावा.

आणखी ता. क. परवानगी मागच्या रविवारची द्यावी. आम्ही जाऊन आलो. लेकीला न सांगता गेलं तर पाप लागेल का, असं देवाला विचारलं होतं, तो काही बोलला नाही. नवरा बोलत नाही तेव्हा हो असतं हे मला माहीत आहे. देवाचंही तसंच धरलं. तिथे झाड नव्हतंच. कधीच नसावं. काठावर बसले तेव्हा मला आठवलं, सावली ह्यांच्या छत्रीची होती. तासभर मागे धरून उभे होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, असेल, त्या दिवशी पलीकडे बगळे होते.

शेवटचा ता. क. पडले मी. शेवाळावरून पाय घसरला. त्यांनी उचललं, आणि रस्त्यापर्यंत धरून आणलं, एकदाही न थांबता. हे तेवढं लेकीला सांगू नका. माझी बंदी होईल.