चौथं बोट

११ नोव्हेंबर, सोमवार

पाटी लागली! ‘फलक पियानो क्लास’. शाहनवाज दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, फलकचा फलक. हा विनोद त्याने लग्नापासून जपून ठेवला असणार. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या क्लासमध्ये, दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर शिकवलं. आता इंदिरानगरमधलं हे बैठं घर, पुढची खोली माझी, आणि त्या खोलीत आयता पियानो! आधी इथे एक बाई वीस वर्षं मुलांना शिकवायच्या. त्या वारल्या आणि पियानो न्यायला कोणी आलंच नाही. घरमालक मनोजसर म्हणाले, तुम्हीच वाजवा, आमच्याकडे त्यावर फक्त धूळ बसते.

चतुराबाई तेव्हाही इथेच कामाला होती, आता आमच्याकडे येते. मूळची हरसूलची, बोलायला लागली की थांबत नाही. पेन्सिलींचं डबडं पियानोच्या डाव्या अंगाला ठोकलेलं बघून मी हसले, तर म्हणाली, “बाई डावऱ्या व्हत्या ना! लय शिस्तीच्या.” मी डबडं काढून उजवीकडे ठोकलं. घर आता माझं आहे.

माहेनूर शाळेतून आल्यापासून स्टुलावर गरगर फिरतेय. सात वर्षांची झाली, तिलाही शिकायचंय. पण पोटच्या पोरीला आपण शिकवायचं नाही हा माझा नियम आहे. परक्या मुलांवर मी चिडत नाही. तिच्यावर चिडेन.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली बॅच. पाच मुलं, सगळी दुसरी-तिसरीतली. अंगठा एक, करंगळी पाच, असे बोटांना नंबर दिले आणि प्रत्येक बोट एकेकटं उचलायला लावलं. चौथ्यापाशी सगळे अडकले. अडकायचेच. अंगठीचं बोट शेजारच्या बोटाला बांधल्यासारखंच असतं, ते एकटं उठत नाही. ओम नावाच्या मुलाने तर दुसऱ्या हाताने धरून वर केलं आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. हसून हसून पुरेवाट झाली.

त्याच्या आईला मात्र घाई आहे. फेब्रुवारीत ग्रेडची परीक्षा, त्यात ओम चमकायला हवा. मलाही हवाच आहे, खोटं कशाला बोलू. पहिल्या वर्षाच्या निकालावरच क्लासचं नाव होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

स्टुलाची बैठक उचलली जाते हे आज कळलं. आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात दोरे. नऊ दोरे, प्रत्येकाच्या टोकाला छोटा फास, आणि फासाला कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर मुलांची नावं, मागे झुकलेल्या अक्षरात. शिवाय दहावा दोरा, मोठ्या फासाचा, बिननावाचा.

दोरा मी लगेच ओळखला. मामू मालेगावात लूम चालवतात, सुताबितातलं मला कळतं. हे पैठणीचं रेशीम आहे, येवल्याचं. केसासारखं बारीक आणि तुटता तुटत नाही.

कशासाठी, तेही लक्षात आलं. चौथ्या बोटात फास घालायचा, दुसरं टोक शिक्षकाने धरायचं आणि बाकीची बोटं वाजत असताना ते एक बोट वर खेचून ठेवायचं. असले अघोरी उपाय पूर्वी लोक करत. मुलांवर मी जन्मात करणार नाही. पण माझं स्वतःचं चौथं बोट आजही ढिलं आहे, ते दुःख पियानो वाजवणाऱ्यालाच कळेल. म्हटलं, बघू तर. मोठा फास उजव्या हातात चढवला. गाठ एका डाव्या हाताने मारायची होती, आणि माझ्या डाव्या हाताला साधं बटण लागत नाही. पण पहिल्याच फटक्यात बसली. अगदी सफाईने.

पाच मिनिटं वाजवलं. मग काढून टाकला. बोटावर लाल वळ उठलाय.

२० नोव्हेंबर, बुधवार

वळ गेलेला नाही. बोट बधिर आहे, सुई टोचली तरी कळत नाही.

आज ओमचं चौथं बोट सुटलं. एकटं, स्वच्छ, वर. त्याची आई दारातच माझे आभार मानत राहिली. मी हसत होते, पण खरं सांगायचं तर बॅचनंतरचा त्याचा एकट्याचा अर्धा तास मला आठवतच नाही. तो आला, बसला, हे आठवतं. मग त्याची आई चपला घालत होती.

जाताना त्याने मला टाटा केला नाही. हात खिशात होता.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ओमच्या आईचा फोन आला. बोटावर लाल रेघ कसली, असं विचारत होती. रबरबँड असेल, म्हणाले. मी. माझ्या तोंडून इतकं सहज खोटं कसं आलं?

चतुराबाईला डबा दाखवला. ती दारातच खाली बसली. बाईंची ती पद्धतच होती म्हणे. फास मुलाच्या बोटात, दुसरं टोक बाईंच्या हाताला गुंडाळलेलं. रडलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या दिवशी दुपारी एक मुलगी बसली होती, सात वर्षांची. वाजवता वाजवता बाई स्टुलावरून खाली कोसळल्या, जागीच गेल्या. दोरा हाताला तसाच. सगळं वजन त्या पोरीच्या बोटावर आलं. पोरगी दोन तास तशीच बसून होती. ओरडली नाही. रडलं की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून. चतुराबाई भांड्याला आली तेव्हा तिने सोडवलं. बोट काढावं लागलं.

“म्या कुणाला सांगितलं नाय ताई,” ती म्हणाली. “आता सांगते. तुमच्या घरात पोर हाय.”

सगळे दोरे गॅसवर जाळले. जळलेल्या केसांसारखा वास अजून पडद्यांना आहे. मला भीती वाटतेय. शाहनवाजला सांगितलं, तर म्हणाला, जाळलेस ना, मग झालं.

२४ नोव्हेंबर, रविवार

डब्यात एक दोरा आहे. नवा, लाल.

कपाट उघडून पाहिलं. माझ्या निकाहच्या ओढणीचा काठ उसवलेला. फास करंगळीएवढा लहान. चिठ्ठीवर माहेनूरचं नाव. मागे झुकलेल्या अक्षरात.

क्लास बंद केला. सगळ्या पालकांना कळवलं, तब्येत बरी नाही. तो दोराही जाळला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ओमची प्रगती समाधानकारक. माहेनूरचं चौथं बोट कच्चं आहे. आईने लाडावून ठेवलंय. दुपारी शाळेतून आल्यावर बसवावं. पाठ ताठ हवी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

वरच्या ओळी मी लिहिलेल्या नाहीत. अक्षर माझं नाही. वही माझ्या उशाखाली होती.

काल दुपारी जेवले, भांडी चतुराबाईला दिली, मग एकदम चहाची वेळ. मधलं काहीच नाही. माहेनूर कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. हात पोटाखाली.

बघायचं धाडस झालं नाही. आई आहे मी, आणि बघितलं नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

भान आलं तेव्हा दीड वाजला होता. ऊन खोलीभर. मी स्टुलाशेजारी उभी. माहेनूर पियानोसमोर, युनिफॉर्ममध्येच, एकेक स्वर वाजवत होती. चौथं बोट वर. दोऱ्याने वर. जांभळं पडलेलं.

दोरा माझ्या मुठीत.

कात्रीने कापला. तिला उराशी धरलं. रडत नव्हती. म्हटलं, रड ना माझ्या बाळा. तर म्हणाली, अम्मी, तूच तर सांगितलंस, रडलं की पुन्हा पहिल्यापासून.

शाहनवाज कामाला विंचूरच्या बाजार समितीत असतो, तिथे फोन केला. कांद्याचा लिलाव टाकून आला. तिचं बोट पाहिलं आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेपेक्षा मारलं असतं तर बरं.

ठरलं. आज दोघं मनोजसरांकडे झोपतील. उद्या शाळेचा पेपर झाला की एक वाजता तो तिला शाळेच्या गेटवरूनच घेईल आणि थेट मालेगावला नानीकडे. या घरात पाय ठेवायचा नाही. माझ्यापासून लांब. या हातापासून लांब.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चतुराबाईला सांगून उजवा हात खिडकीच्या गजाला बांधून घेतला. फास याच हाताच्या बोटात चढवला होता, वळ याच हातावर आहे. निकाहच्या ओढणीच्या चार गाठी. ती रडत होती आणि घट्ट बांधत होती. मग तिलाही पाठवून दिलं.

म्हणून हे डाव्या हाताने लिहितेय. कधी लिहिलं नाही. अक्षरं बघा, कोंबडीचे पाय.

बारा वाजले. अजून एक तास. मग ती सुटली.

बधिरपणा मनगटापर्यंत आलाय. येऊ दे. गाठी पक्क्या आहेत, हात हलत नाही –

साडेबारा. लिहीत राहिलं की भान राहतं. लिहीत राहते. अल्लाह, एवढा अर्धा तास –

अक्षर सुधारलंय.

वरच्या चार ओळी बघितल्या. सरळ आहेत. सुबक. मागे झुकलेल्या –

गाठ डाव्या हाताने मारली होती मी. पहिल्याच फटक्यात. दोरा ओढत होता तो डावा. चतुराबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती – डावऱ्या व्हत्या – आणि मी डबडं उपटून –

चुकीचा हात बांधला. चुकीचा –

फोन इथेच, मांडीवर. शाहनवाजला मेसेज गेलाय, अकरा पन्नासला. मी नाही. मी नाही पाठवला. ‘आता बरी आहे. माहेनूरला घरीच सोड. भेटावंसं वाटतंय.’

खाली त्याचं उत्तर. ‘अल्लाहचं शुक्र. पेपर लवकर सुटला. घराच्या फाटकापाशी सोडतो, गाडीत डिझेल भरून दहा मिनिटांत आलोच.’

फोन लावायचाय. हात ऐकत नाही. लिहितोय फक्त. ओरडते पण आवाज –

मधेच पेन टाकून ओढणीतून धागा ओढतो, पुन्हा लिहितो. लाल. किती सफाईने –

फाटक वाजलं. तिची पावलं. बूट काढतेय –

माहेनूर पळ आत येऊ नको पळ पळ

ये. स्टूल पुढे घे. पाठ ताठ. आईकडे बघायचं नाही, इकडे बघ. चौथं बोट पुढे कर. आणि रडलं की पुन्हा पहि