चौदा नंबरच्या खाटेवर आलेलं टपाल

आदरणीय ताईस,

धाकट्या भावाचा सलाम. (आपल्या ख्रिस्ती घरात सलाम ज्या प्रभूच्या नावाने लिहायची रीत आहे, त्याचं नाव मी मुद्दाम गाळलं आहे. गैरसमज नको.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला अजून त्यांच्या आधी घरात शिरतो का? इकडे सर्व क्षेम आहे, फक्त उजवा पाय मोडला आहे.

नऊ वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. तुझी भावजय गेली तेव्हा तू "देवाची इच्छा" म्हणालीस आणि मी तुला दार दाखवलं. देवालाही तेच दाखवलं. त्यानंतर आलेली तुझी सतरा पत्रं मी 'घेणाऱ्याने नाकारले' असा शिक्का मारून परत पाठवली. शिक्का प्रत्येक वेळी स्वच्छ उमटला होता, एवढं तू मान्य करशील. टपालकचेरीत पत्रांच्या वर्गवारीत एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाकडून तेवढी अपेक्षा असतेच.

तर पाय. महिन्यापूर्वी कचेरीत कपाटावरून एक पार्सल माझ्या पायावर पडलं. त्यावर 'नाजूक वस्तू' असं लाल अक्षरांत लिहिलं होतं. वस्तूला काही झालं नाही. माझं हाड मोडलं, जखम चिघळली आणि आता येत्या गुरुवारी डॉक्टर आत बघून ठरवणार आहेत, की पाय ठेवायचा की गुडघ्याखालून काढायचा. हे ते उद्याचं हवामान सांगावं तशा आवाजात सांगतात. मीही हवामान ऐकावं तसा चेहरा करून ऐकतो. खरं सांगायचं तर माझी गाळण उडाली आहे.

मला हाडांच्या वॉर्डात चौदा नंबरची खाट मिळाली. माझ्या आधी तिथे एक बेकरीवाला होता. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्याने गाणारा, असं नर्सबाईंनी सांगितलं. (वॉर्डातही गायचा. त्याला वरच्या मजल्यावर सव्वीस नंबरला का हलवलं, ते मी विचारलं नाही.) तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता एक पाळक आले. उंच, जरा वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी खाटेचा नंबर पाहिला, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि "या आमच्या भावाच्या" पायासाठी प्रार्थना सुरू केली. तुमचा भाऊ वर गेला, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांचे डोळे मिटलेले, आणि डोळे मिटलेल्या माणसाला मध्येच तोडणं बरं दिसत नाही. बरं, पायावरूनही काही सिद्ध होत नव्हतं. त्या वॉर्डात सगळ्यांचाच पाय.

आता आमचा नियम सांगतो. चुकून आलेलं टपाल उघडायचं नाही, ठेवून घ्यायचं नाही, योग्य पत्ता घालून पुढे पाठवायचं. हे तर उघडूनच माझ्या हातात पडलेलं. निदान पुढे तरी पाठवावं, म्हणून पाळक गेल्यावर मी छताकडे बघून हळूच म्हणालो, की चौदा नंबरवर आलेली प्रार्थना सव्वीस नंबरची आहे, कृपया तिकडे पोचवावी. हे कामकाज होतं, प्रार्थना नव्हे. तू लगेच पदराने डोळे टिपू नकोस. पाळक रोज चारला यायचे, मी रोज सव्वाचारला पुढे पाठवायचो. एकदा शेवटी 'आमेन' निघून गेलं, पण ते सवयीने.

दहाव्या दिवशी बेकरीवाला स्वतःच्या पायांनी जिना उतरून खाली आला, आपल्या जुन्या खाटेचा निरोप घेतला, मला एक पाव दिला आणि घरी गेला. म्हणजे टपाल पोचत होतं. ताई, मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला, की पावाचा घास गिळवेना. पाठवलं सगळं मी, आणि माझा पाय जिथल्या तिथे. बेकरीवाला गेला तरी पाळक चारला आलेच. त्यांनी कपाळावर हात ठेवला. त्या दिवशी मी ते पुढे पाठवलं नाही. ठेवून घेतलं. एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या पाकिटाला नख लावलं नव्हतं, आणि चोरी केली ती ही. मग मी लहान मुलासारखा रडलो. रडून झाल्यावर खाटेशी कुणीतरी बसलंय असं वाटत राहिलं. बराच वेळ, गप्प, उठायची काही घाई नसल्यासारखं. नर्सबाईंना विचारलं, कोण आलंय? त्या म्हणाल्या, "कुणी नाही हो, भेटायची वेळ कधीच संपली." मी वाद घातला नाही. पाय ठणकतच होता, पण मी एकटा नव्हतो.

असो. यावरून मी सुधारलो असा अर्थ काढू नकोस. आणि गुरुवारी तू यायची मुळीच गरज नाही. दोन गाड्या बदलाव्या लागतात, त्यात तुझे गुडघे.

तुझा भाऊ,
खाट नंबर चौदा

ता. क. – पाकीट बंद करणार तोच पाळक आले. मी त्यांच्यापुढे चोरीची कबुली दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिशातून एक पत्र काढलं. त्यात माझं नाव, माझा वॉर्ड, माझी खाट. बेकरीवाल्याला ते ओळखतही नाहीत. तो दुसऱ्या चर्चचा. पाकिटावरचं तिकीट तिरकं लावलेलं होतं. इतकं तिरकं तिकीट लावणारी बाई मी एकतीस वर्षांत एकच पाहिली आहे. (पायाची बातमी तुला कचेरीतल्या आमच्या टेबलावरच्या बडबड्याने दिली असणार. त्याला मी नंतर बघतो.) म्हणजे इतके दिवस मी माझंच टपाल बेकरीवाल्याला वाटत होतो.

आणखी एक ता. क. – वर 'यायची गरज नाही' असं लिहिलं आहे, ते खोडून वाच. गुरुवारी सकाळी नऊला आत नेणार आहेत, त्याआधी ये. ती सतरा पत्रं फाडली नसशील तर घेऊन ये. अकरावं जाड होतं. शिक्का मारण्याआधी मी ते बराच वेळ हातात धरून बसलो होतो. आणि प्रभूची प्रार्थना. पाळकांना मी सांगितलं, की 'रोजची भाकर आम्हाला दे' इथपर्यंत येते, पुढचं क्षमेचं आठवत नाही. खोटं सांगितलं. आठवतं. ते तुझ्यासमोर म्हणायचं आहे.