सत्काराला नकार

अकोला, १२ ऑक्टोबर २०२४

वामनदादास,

साष्टांग नमस्कार लिहायचा रिवाज आहे. माझ्या नुसत्या नमस्कारावर भागव. माझे गुडघे सोडले तर सारं ठीक. सूनबाईची तब्येत कळव.

तुझ्या मंडळाची पत्रिका मिळाली. मला न विचारताच छापलीस. ‘सागरी इतिहासाच्या ज्येष्ठ संशोधक’ म्हणून माझा सत्कार, आणि अध्यक्ष तू! वर पेपरात मुलाखत, ‘बहिणीच्या संशोधनाचा पाया मी घातला.’ वकिली सोडलीस, पण खोटं बोलायचा सराव काही सुटला नाही.

पाया मला आठवतो. मोडी कागदांवरून जुन्या गलबतांच्या याद्या मी दोन वर्षं उतरवत होते. तू म्हणायचास, “कावून कागद काळे करून राहिली? समुद्र काय अमरावतीले येऊन राहिला?” मी परीक्षेला मुंबईला गेले, आणि तू माझ्या सातही वह्या रद्दीत घातल्यास. लग्नाआधी घर साफ करायचं म्हणे. कोणाचं लग्न? माझं, मला न विचारता ठरवलेलं!

आई एकटी रद्दीवाल्याकडे गेली. “एकच सापडली बाई. बाकीच्याइच्या पुड्या बांधून झाल्या,” म्हणाली. ती वही घेऊन मी घर सोडलं. त्या एका वहीवर माझा पहिला लेख झाला, पुढे कोकणातल्या संग्रहालयात तीस वर्षं नोकरी, तीन पुस्तकं. त्यातलं एक तरी तू उघडलंस? गलबत आणि होडी यांतला फरक सांग, सत्काराला येते.

नाही, येणार नाहीच. पण आता लिहायला बसलेच आहे तर एक सांगते.

आईच्या आजारपणात तू फोन केलास, “आई तुले विचारून राहिली.” मी म्हटलं, बुडालेलं जहाज सापडलंय, पाणबुडे थांबलेत, आठ दिवसांनी येते. खोटं होतं ते. समुद्र खवळलेला, काम बंद. मी खोलीवर नुसती बसून होते. दारात तू उभा असशील, तुझं तोंड बघावं लागेल, एवढ्यासाठी निघाले नाही. चौथ्या दिवशी आई गेली.

तुझा तिरस्कार मी आईपेक्षा जास्त जपला. याचं खापर तुझ्यावर फोडता येत नाही, हेच मला सोसत नाही.

सत्कार रद्द कर. आजारी आहे असं सांगू नकोस. तिनं नकार दिला, असंच सांग.

आईला शेवटचं न भेटलेली,
शकुन